त्रासनमधला माणूस

धाकूकाकांना कोणीही, कुठेही, कधीही विचारा, "काय काका, कसे आहात?" उत्तर ठरलेलं. "बरां आसा." अंगात ताप असला तरी बरां आसा. एकदा दाढ काढून आले, गाल पुरीसारखा फुगलेला, तोंडात कापसाचा बोळा. तरी जिन्यात कोणीतरी विचारलंच, आणि बोळ्याआडून आवाज आला, "बवां आवा."

चारकोपच्या आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही. धाकू मोंडकरांचं घर वरच्या मजल्यावर. जिना जिथे वळतो तिथे भिंतीवर सोसायटीचा नोटीसबोर्ड आहे, आणि बाहेरून आलेले धाकूकाका त्या बोर्डापाशी थांबल्याशिवाय राहत नाहीत. पिशवी खाली ठेवतात. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसतात. मग वाचतात. टाकी धुणार, पाणी येणार नाही. कोणीतरी गच्चीवर पापड वाळत घातले आहेत, त्यांनी ते उचलावेत. कालचीच नोटीस, परवाचीच नोटीस, पण काका ती परत पहिल्यापासून वाचतात. लोकांना वाटायचं, सोसायटीच्या कारभाराची केवढी काळजी ह्या माणसाला! त्या कौतुकापोटी एका वार्षिक सभेत त्यांना चक्क कमिटीवर घेतलं. तेही गेले. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

कारण फक्त त्यांच्या बायकोला, रुक्मिणीकाकींना, माहीत होतं, निदान काकांना तसं वाटायचं. काकी दार उघडून उभ्या असायच्या. काका वर पोचले की विचारायच्या, "मोठी होती नोटीस?"

"मध्यम."

"आणि काल?"

"काल मोठी होती. दोन पानांची."

दम किती लागला ते दोघं असं बोलत. दमा हा शब्द त्या घरात कोणी उच्चारत नव्हतं. तोंडाने ओढायचा तो निळा पंप होता, पण तो देवघराच्या खालच्या कप्प्यात, उदबत्तीच्या पुड्यांमागे.

धाकूकाका मालवणकडचे. मिसरूड फुटायच्या वयात मुंबईला आले आणि गिरणीत लागले, त्रासन खात्यात. सूत कातायच्या खात्याला गिरणीत त्रासन म्हणायचे. कुठल्याशा इंग्रजी यंत्राच्या नावाचं कामगारांच्या तोंडी झालेलं हे मराठी. बाकीची माणसं आपल्या कॉलेजचं नाव सांगतात तसं काका सांगतात, "मी त्रासनमधला." तिथे यंत्रांचा आवाज एवढा, की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडायचं. त्यामुळे काका अजून मोठ्याने बोलतात आणि अर्धंच ऐकतात. कामगारांच्या नाटकात ते हवालदार व्हायचे. एकच वाक्य असायचं, "चला, साहेबांनी बोलावलंय!" पण ते शेवटच्या रांगेतल्या झोपलेल्या माणसाला उठवायचं.

मग संप झाला. गिरणी परत उघडली तेव्हा काकांना आत घेतलं नाही. ते बिऱ्हाड घेऊन चारकोपला आले, इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या गाळ्यात काम केलं, आणि तो गाळा बंद झाल्यावर त्याच इस्टेटच्या फाटकावर वॉचमन झाले. निवृत्त झाले तेव्हा गणवेश परत करायचा होता. शिट्टी मात्र ठेवून घेतली. ती अजून खिळ्याला टांगलेली आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी अपूर्वा. मालाडला एका ऑफिसात आहे. तिच्या ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये आईबाबांचीही नावं होती, म्हणून इतकी वर्षं कोणाला घोर नव्हता. काकींना जुना मधुमेह. मागच्या वर्षी पायाच्या बोटाला जखम झाली, ती बरी होईना, हॉस्पिटलात राहावं लागलं. बोट वाचलं. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, ह्या पायावर आता कायम लक्ष ठेवा, हे परत होऊ शकतं. तेव्हा सगळं बिल ऑफिसच्या पॉलिसीतून गेलं. आणि यंदा ऑफिसने कळवलं, पुढच्या वर्षापासून आईवडिलांना काढतोय.

अपूर्वाने सुट्टीच्या दिवशी टेबलावरच्या पोह्यांच्या बशा बाजूला सारल्या आणि लॅपटॉप उघडला.

"बाबा, आई, दोघं बसा इथे. मला एकटीला ठरवायचं नाहीये. ही पहिली. स्वस्त आहे. पण आईच्या शुगरमुळे काही झालं तर पहिली तीन वर्षं एक पैसा देणार नाहीत."

"मग कित्याक घेवची?" काकी म्हणाल्या. "पायाक सांगू, बाबा रे, तीन वर्षां थांब?"

"तेच ना. ही दुसरी. हिच्यात शुगर पहिल्या दिवसापासून धरतात. पण महाग आहे. आणि ही तिसरी, एक वर्ष थांबायचं, नंतर प्रत्येक बिलातला थोडा भाग आपण भरायचा."

धाकूकाका चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनकडे असे बघत होते, जसे मार्केटात बांगड्याकडे बघतात. "हिचे कल्ले खंय आसत?"

"काय?"

"बांगडो वरसून चकचकीतच दिसता. कल्लो उचलून बघूचो लागता, आत लाल आसा की काळो पडलो."

अपूर्वा हसली. "कल्ले मागच्या पानावर असतात बाबा, बारीक अक्षरात. मी रात्रभर तेच उचलून बघितलेत. दुसरी घेऊ या. तुमची दोघांची मिळून."

"माका नको."

"झालं सुरू."

"हिचां काढ. माका काय धाड भरली? आणि ता सत्तरीच्या वरचां सरकारी कार्ड आसा ना? ता काढ माझां."

"ते काढणारच आहे. पण आपल्या जवळचं हॉस्पिटल ते कार्ड घेत नाही. रात्रीबेरात्री श्वास अडकला तर तुम्हाला घेऊन कुठे कुठे फिरू मी?"

"श्वास? कोणाचो?"

अपूर्वाने आईकडे बघितलं. आईने पोह्यांकडे बघितलं.

"बाबा," अपूर्वा म्हणाली, "मी ह्याच घरात राहते. उदबत्त्या मी पण लावते."

काकांनी चष्मा खाली घेतला आणि तेवढ्यात त्यांना आठवलं, की टाकीचा कॉक बघून यायचा राहिलाय.

पॉलिसी काढून देणार होती नीलम. आमच्याच सेक्टरमधली, अर्ध्या चारकोपचे विमे तिच्याकडे. स्कूटीच्या डिकीत पॉलिसीचे कागद आणि त्यावर कोथिंबिरीची जुडी. माणूस वाईट नाही. कोणाच्या घरी कोणी आजारी पडलं तर हॉस्पिटलच्या काउंटरवर जाऊन भांडते. अपूर्वा ऑफिसात असताना ती सह्या घ्यायला आली. चहा झाला. मग तिने पेन दाताखाली धरून दोघांकडे बघितलं.

"काकी, तुमची शुगर सांगायची. ती रक्तात दिसते, लपवून उपयोग नाही. काका, तुमचं काय?"

"बरां आसा."

"ते मला माहितीय हो. पण तो जिन्यातला थांबा?" नीलम हळू आवाजात म्हणाली. "हे बघा काका, दमा रक्तात दिसत नाही. एक्सरे हे लोक मागत नाहीत. दमा सांगितलात तर ह्या वयात कंपनी हात आखडणार. आणि पॉलिसी दोघांची मिळून एकच आहे. तुमच्यापायी काकींचं पण अडकेल."

"हिचां अडकतला?"

"अडकू शकतं. मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाहीये हां. फक्त, विचारलं नाही तर बोलायचं नाही. आणि विचारलं तर..." तिने हात हवेत फिरवला. "तुम्ही काय, बरेच असता नेहमी."

काकांनी तिथल्या तिथे सही केली. रुक्मिणीकाकींनी कप गोळा केले. नीलम गेल्यावर म्हणाल्या, "अपूर्वाक सांगूक होयां."

"अजिबात नाय. तिणा कंपनीक सांगल्यान तर? तुझो पाय परत सुजलो तर काय करशीत? माझो दम काय, एक नोटीस वाचली की जाता. तुझो पाय नोटीस वाचून बरो होवचो नाय."

काकींकडे उत्तर होतं, पण ते बोलायला दमा हा शब्द लागला असता.

नीलमने सांगून ठेवलं होतं, की कंपनीच्या डॉक्टरांचा फोन येईल, दोघांशी बोलतील, बोलणं रेकॉर्ड होईल. धाकूकाकांच्या अंगातला हवालदार जागा झाला. त्यांनी दुपारी तालीम लावली. काकींना खुर्चीवर बसवलं, हातात फोन म्हणून टीव्हीचा रिमोट दिला.

"तू डॉक्टर. इचार."

"काय इचारू?"

"डॉक्टर काय इचारतत ता इचार!"

काकींनी रिमोट कानाला लावला. "जेवलास?"

"असां इचारीत कोण डॉक्टर?"

"आमचो इचारता. जेवणाच्या आधी गोळी घेतलास की नंतर, तां कळाक नको?"

"बरां, फुडे."

"तुमका काय दुखणां आसा?"

काका छाती पुढे काढून, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "नाही! मी ठणठणीत आहे!" आणि त्या ठणठणीतच्या शेवटी जो खोकला आला, तो थांबेना. काकी उठल्या, उदबत्त्यांमागून पंप आणला. काकांनी तो मारला, डोळ्यांतलं पाणी पुसलं.

"लहान आवाजात करूया," ते म्हणाले. "फोनच तर आसा."

"खोटां बोलतास तुमी," काकी म्हणाल्या.

"नाटकातलां खोटां नसता गो."

"नाटक संपला की माणूस घराकडे येता. ह्यां नाटक तुमी हॉस्पिटलात पण करतलास?"

तिकडे अपूर्वाच्या ऑफिसात काय झालं, तर तिच्या शेजारी बसणारी जान्हवी रडत होती. तिच्या वडिलांना हॉस्पिटलातून सोडलं होतं, आणि कंपनीने बिल द्यायला नकार दिला होता. पॉलिसी घेताना त्यांनी जुना दमा सांगितला नव्हता. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" आणि ते भाबडेपणाने खरं बोलून गेले. नुसता क्लेम गेला नाही, अख्खी पॉलिसीच रद्द झाली.

संध्याकाळी अपूर्वा आली ती चपला न काढताच बोलली. "बाबा, नीलमताईंना सगळं सांगितलंत ना? तुमचं पण?"

"सगळां."

"नक्की?"

"आता काय शपथ घेव?"

तिने जान्हवीच्या वडिलांची गोष्ट सांगितली. काका ऐकत होते, किंवा ऐकत नव्हते. त्यांचं आपलं एकच चाललं होतं, की पॉलिसी दोघांची मिळून एकच आहे. पण काकींनी ऐकलं. त्या रात्री त्यांनी वालाच्या उसळीत दोनदा मीठ घातलं.

फोन कधी यावा? रविवारी सकाळी. धाकूकाका मार्केटातून येत होते. मनोरीहून टोपली घेऊन येणारी त्यांची ठरलेली मासेवाली आहे, तिच्याकडून सौंदाळे घेतले होते. पिशवी घेऊन जिना चढत होते तोच वरून अपूर्वाची हाक आली, "बाबा, लवकर! डॉक्टरांचा फोन आहे, आईशी बोलतायत, नंतर तुम्ही!"

आणि धाकूकाका नोटीसबोर्डापाशी न थांबता तसेच वर चढले.

आत फोन स्पीकरवर टेबलाच्या मधोमध होता. पलीकडचा आवाज तरुण होता. काकी खुर्चीच्या अगदी कडेला बसून, फोनकडे वाकून, मन लावून सांगत होत्या.

"...आणि मग ह्या अंगठ्याशेजारचं बोट. ते काळं पडलं. आधी वाटलं, चप्पल लागली. चप्पल तशी चांगली होती हो, बोरिवलीहून आणलेली—"

"आजी, शुगर कधीपासून आहे?"

"अपूर्वाच्या वेळी पहिल्यांदा निघाली. तेव्हा मला आंबट खावंसं वाटायचंच नाही, सगळं गोडच..."

"कळलं आजी. गोळ्या रोज घेता?"

"रोज. फक्त गणपतीत एक दिवस चुकली, मोदकांच्या गडबडीत. तेपण लिहा."

डॉक्टर हसले असावेत. "लिहितो. आता आजोबांना द्या. आणि मागून कोणी काही सांगायचं नाही हां. त्यांचं त्यांनाच बोलू द्या."

काका खुर्चीत बसले. हातातली पिशवी तशीच मांडीवर. छाती भात्यासारखी हलत होती. त्यांनी तोंड मिटलं आणि नाकाने हळूहळू श्वास घ्यायचा प्रयत्न केला. त्याचा शीळ घातल्यासारखा आवाज आला.

"नमस्कार आजोबा. मी डॉक्टर धम्मपाल. तुम्ही धावत आलात का?"

"नाही. मासे... आणले."

"अरे वा. कुठले?"

"सौंदाळे." एवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"आजोबा, तुम्हाला आधी कुठला त्रास होता?"

कुकर, दम आणि गिरणीने नेलेले कान. काकांना त्या प्रश्नातला एकच शब्द नीट ऐकू आला, आणि तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात लाडका शब्द होता. मिटलेलं तोंड उघडलं.

"मोठ्या त्रासनात!"

"मोठा त्रास होता? किती वर्षं?"

"लग्नाआधीपासून. संप झाला म्हणून सुटलं, नाहीतर अजून असतो!"

"संपला म्हणजे... आता त्रास नाही?"

"संपला नव्हे हो, संप! सगळ्यांचाच झाला. अख्ख्या मुंबईचा!"

"आजोबा, आता त्याची काय परिस्थिती आहे?"

"आता तिथे टॉवर झालाय."

"टॉवर?"

"चाळीस मजल्यांचा. खाली गाड्या ठेवायची जागा आहे ना, बरोब्बर तिथे आमचं त्रासन."

अपूर्वा तोंडावर ओढणी दाबून भिंतीला टेकली होती. काकी पण हसत होत्या. आणि आपल्याला हसताहेत हे कळून काका स्वतः हसायला लागले. डॉक्टरांच्या आता लक्षात आलं. "अच्छा, अच्छा! त्रासन खातं! गिरणीत होतात तुम्ही!"

"मग! सूत कातायचो."

"मग आजोबा, तिथे कापसाची धूळ असेल ना खूप?"

"धूळ? अहो, पापण्यांवर कापूस बसायचा. खात्यातून बाहेर पडलो की सगळे म्हातारे दिसायचो. आणि सोमवारी तर विचारू नका. रविवारी सुट्टी, छाती मोकळी. सोमवारी आत शिरलं की जशी छातीवर म्हैस बसायची. सगळ्यांच्याच. अख्खं खातं खोकायचं. मंगळवारपर्यंत सवय व्हायची."

"मग गिरणीच्या डॉक्टरांना दाखवलंत नाही?"

"दाखवणार कसं? ते यायचे, रांगेत उभं करायचे, कसा आहेस म्हणायचे. आम्ही म्हणायचो, बरा आहे. सगळेच म्हणायचो. जो खोकला म्हणाला, त्याच्या जागेवर दुसऱ्या दिवशी बदली कामगार उभा. आमच्या गावचा एक पोरगा बोलला. तो गेला परत गावाला. मग आम्ही रांगेत उभं राहायच्या आधीच खोकून घ्यायचो. आत गेल्यावर बरां आसा."

हे अपूर्वाने कधी ऐकलं नव्हतं. तिने ओढणी तोंडावरून खाली घेतली.

"आणि आता, आजोबा?" डॉक्टर हळू बोलत होते, पण ह्या वेळी काकांना शब्द न् शब्द ऐकू आला. "आता श्वासाला काही होतं? जिना चढताना, बोलताना?"

हाच तो प्रश्न. ह्याची तालीम झाली होती. वाक्य एकच होतं. काकांनी छाती पुढे काढली, तोंड उघडलं, पण इतकं बोलून आणि हसून आत वाक्यापुरताही वारा उरला नव्हता. ओठ हलले. "ठ..." एवढंच आलं. नाक शीळ घालू लागलं. मांडीवरची पिशवी घसरली आणि सौंदाळे लादीवर पसरले.

मागून बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रुक्मिणीकाकी बोलल्या नाहीत. त्या उठल्या, देवघरापाशी गेल्या, उदबत्त्यांचे पुडे बाजूला सारले. परत आल्या आणि तो निळा पंप टेबलावर फोनच्या अगदी शेजारी ठेवला. आणि नवऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

काकांनी आधी पंपाकडे बघितलं, मग काकींच्या पायाकडे. त्या बोटावर अजून जखमेची खूण होती. मान हलवली. नको, अशी. काकींनीही मान हलवली. नको काय, घ्या.

त्यांनी पंप उचलला. फुस्स. थांबले. पुन्हा फुस्स.

"आजोबा, हा आवाज कसला?"

धाकूकाकांनी श्वास आत धरून ठेवला होता. तो सोडला.

"पंप," ते म्हणाले. "दम्याचा. पुष्कळ वर्षं आहे. फॉर्ममध्ये नाही लिहिलेला. मी सांगितला नाही म्हणून नाही लिहिलेला, नीलमबाईंचा काही दोष नाही." मग एकदम पुढे वाकले, तोंड फोनला लागेल इतके. "साहेब, माझं नाव खोडा. पण माझ्यामुळे हिचं नका काढू. तिने सगळं खरं सांगितलंय. मोदकांचंसुद्धा सांगितलं."

"आजोबा, मंजूर करणारा मी नाही," डॉक्टर म्हणाले. "मी फक्त तुम्ही सांगाल ते लिहितो. पण ऐका. तुमचं नाही झालं तरी आजींची वेगळी पॉलिसी मागता येते. तुमच्या मुलीला सांगा, तसं लेखी कळवायला. आणि एक. हे आज बोललात ते फार बरं झालं."

फोन बंद झाला. अपूर्वा लादीवर बसून मासे गोळा करत होती. मान वर न करता बोलली.

"सगळं सांगितलं म्हणालात मला."

"चुकलां."

"बाबा, आईच्या पायासाठी तुम्ही तुमची छाती पणाला लावणार होतात? आणि उद्या तुम्ही हॉस्पिटलात, क्लेम नामंजूर, पॉलिसी रद्द, म्हणजे आई पण गेली त्यातून. हा हिशेब केलात?"

"ता नीलम नाय बोलली."

"ती कशाला बोलेल! आणि तुम्ही तरी कोणाला विचारलंत? मला विचारायला काय होतं? मी काय गिरणीचा डॉक्टर आहे?"

ह्यावर धाकूकाकांनी मान खाली घातली. काकींनी मासे तिच्या हातातून घेतले. "धुवन् घेतंय. वरडून झालां असात तर नारळ खव."

काही दिवसांनी नीलम आली. आधी रागावलेली होती. "काका, तुम्हाला एवढं सोपं काम दिलं होतं! एक वाक्य!" मग चहा आला, राग ओसरला. कंपनीने धाकूकाकांना नाकारलं होतं, सरळ शब्दांत. रुक्मिणीकाकींना घेतलं होतं, वेगळ्या पॉलिसीत, मधुमेहासकट, हप्ता थोडा चढवून.

काकांनी परत परत विचारलं. "हिचां झालां ना? पायासकट?"

"पायासकट."

"मगे माका काय!"

"मगे माका काय नाही," अपूर्वा म्हणाली. "तुमचं सरकारी कार्ड मी काढलंय. ते कुठल्या हॉस्पिटलात चालतं ते जाऊन विचारून आलेय, बोरिवलीला एक आहे. आणि अजून एका कंपनीत अर्ज टाकतेय. दमा पहिल्याच ओळीत लिहून. नाही म्हणाले तर नाही म्हणू देत. नीलमताई, चालेल ना?"

नीलमने कोथिंबीर काढून टेबलावर ठेवली. "मी काय बोलणार बाई. लिही. भांडायला मी आहेच."

पंप आता उदबत्त्यांमागे नसतो. तो टीव्हीच्या शेजारी, रिमोटच्या डब्यात असतो, आणि धाकूकाका अधूनमधून चुकून त्यानेच चॅनल बदलायला जातात.

आणि जिन्याच्या वळणावर, नोटीसबोर्डाखाली, एक स्टूल आलंय. प्लास्टिकचं, लाल, इस्टेटमधल्या गाळ्यात बनतात तसलं. ठेवायला कमिटीची परवानगी लागली. कमिटीच्या सभेत एकाने विचारलं, "स्टूल कशाला? कोण बसणार?" तेव्हा धाकूकाका उभे राहिले आणि हवालदाराच्या आवाजात म्हणाले, "मी. मला दम लागतो." विषय मंजूर झाला.

परवा मी खालून येत होते. काका स्टुलावर बसले होते, पिशवी पायाशी, बोर्डाकडे पाठ करून. मी सवयीने विचारलं, "काय काका, कसे आहात?"

त्यांच्या तोंडात ते दोन शब्द आलेच होते. त्यांनी ते आत घेतले. बोट वर केलं, म्हणजे थांब. श्वास पुरा केला.

"आज जरा जास्त आहे," ते म्हणाले. "दोन मिनिटं बसतो. तू हो पुढे. आणि वर हिला सांग, सौंदाळे मिळाले नाहीत, बांगडे आणलेत. कल्ले बघून."

मी वर गेले. दारात रुक्मिणीकाकी उभ्या होत्या, मान जिन्याकडे.

"मोठी आसा नोटीस?" त्यांनी मला विचारलं.

"नोटीस नाही वाचत आहेत, काकी. नुसते बसलेत."

"बसांदेत," काकी म्हणाल्या, आणि दार उघडंच ठेवून नारळ फोडायला आत गेल्या.